गाईड गप्प बसला म्हणून संशोधकाने गप्प बसू नये!

आपल्या वस्तीतील एखादा मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.ला लागली की चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. विहारात सत्कार होतो. नावापुढे 'डॉ.' लागण्याच्या आधीच लोक 'डॉक्टर' म्हणून हाक मारू लागतात. आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, त्यांची नातवंडे विद्यापीठात संशोधन करतात, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु पुढे त्या फलकाचा रंग उडतो, पाच वर्षे होतात, सहा होतात, तरी पदवी येत नाही. मग तीच माणसे विचारू लागतात, "काय रे, अजून झाली नाही का तुझी पीएच.डी.?" आणि तो मुलगा चौक टाळून मागच्या रस्त्याने घरी जाऊ लागतो. आपल्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण गाईडसरांच्या टेबलावर आठ महिने पडून आहे, हे तो कोणालाच सांगत नाही.

वकिली आणि चळवळ ही दोन्ही कामे करीत असताना असे अनेक विद्यार्थी आमच्याकडे येतात. कोणाचे गाईड फोन उचलत नाहीत. कोणाला दर भेटीत "पुढच्या आठवड्यात बघू" एवढेच ऐकायला मिळते. कोणाला सिनॉप्सिसचे शीर्षक चार वेळा बदलायला लावले आणि पाचव्यांदा पहिलेच शीर्षक बरे होते असे सांगितले. एका मुलीने तर दीड वर्षात गाईडच्या घरची बँकेची कामे केली, त्यांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासल्या, परंतु स्वतःच्या लेखनावर एका ओळीचीही सूचना तिला मिळाली नाही. हे सर्व ऐकून घेतल्यावर आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "यातले कागदावर काय आहे?" उत्तर बहुतेक वेळा एकच असते. काहीच नाही. सारे तोंडी. सहा वर्षांचे संशोधन, आणि गाईडशी झालेल्या व्यवहाराचा सहा ओळींचाही पुरावा नाही!

येथेच आपली मुले फसतात. शिवी दिली तर साक्षीदार असतो, हाकलून दिले तर आदेश असतो. परंतु मौनाला साक्षीदार नसतो आणि दिरंगाईवर कोणाची सही नसते. म्हणून मौनाला उत्तर द्यायचे ते लेखणीने आणि तारीखवार दिले पाहिजे. आजच्या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे गाईड हा अजूनही 'गुरू' समजला जातो. गुरूची कृपा झाली तर विद्या, नाही तर नाही. या गुरुकृपेचा हिशेब एकलव्याला अंगठा देऊन चुकता करावा लागला, हे आपण भाषणातून नेहमी सांगतो. आजचा गाईड अंगठा मागत नाही. तो फक्त म्हणतो, "ठेवून जा, बघतो." अंगठा शाबूत राहतो आणि उमेदीची वर्षे मात्र कापली जातात. कायद्याच्या नजरेने पाहिले तर गाईड हा गुरू नाही. तो पगारी प्राध्यापक आहे, आणि विद्यापीठाने त्याला मार्गदर्शक म्हणून मान्यता दिलेली आहे. मार्गदर्शन हे त्याने घातलेले दान नसून त्याचे कर्तव्य आहे. त्याचा आदर जरूर करावा, परंतु उपकाराच्या ओझ्याखाली वाकून आपला हक्क विसरू नये.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे ज्यांना कळत नसेल त्यांनी हैदराबाद विद्यापीठाकडे पाहावे. २००८ साली तेथे सेंथिल कुमार या तामिळनाडूतून आलेल्या दलित संशोधकाने जीवन संपविले. भौतिकशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळूनही त्याला मार्गदर्शक मिळालेला नव्हता. २०१३ साली त्याच विद्यापीठातील आणखी एका दलित संशोधकाच्या मृत्यूनंतर मार्गदर्शक नेमण्यातील दिरंगाईचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २०१६ साली रोहित वेमुला गेला तेव्हा देश हादरला. त्याच्या बाबतीत निलंबन आणि थांबलेली फेलोशिप हे प्रश्न होते. प्रत्येक प्रकरणाची कारणे वेगळी असतील. परंतु संस्थेने विद्यार्थ्याला ताटकळत ठेवले आणि तो एकटा पडला, ही गोष्ट समान आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला, तेव्हाही शिक्षकांकडून पुरेसे सहकार्य मिळत नाही ही तक्रार आपल्या विद्यार्थ्यांनी मांडली होती.

तरीही प्रत्येक संथ गाईड जातीयवादी असतो असे समजणे बरोबर नाही. आमच्या पाहण्यात गाईडचे तीन प्रकार आहेत. पहिला, कामाने पिचलेला. विभागात जागा रिकाम्या, नॅकची कागदपत्रे, परीक्षा, निवडणुकीचे काम, आणि त्यात डोक्यावर सहा-सात संशोधक. दुसरा, ज्याने पदोन्नतीच्या गुणांसाठी विद्यार्थी घेतले आणि नंतर ज्याचा रस संपला. आणि तिसरा, जो सवर्ण विद्यार्थ्याचे प्रकरण आठवड्यात वाचतो व आपल्याचे वर्षभर उघडत नाही. पहिल्याला आठवण हवी असते, दुसऱ्याला शिस्त हवी असते आणि तिसऱ्याला कायदा दाखवावा लागतो. कोण कोणत्या प्रकारातला हे पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून सुरुवात सर्वांशी सौजन्यानेच करावी. परंतु सौजन्य लेखी असावे!

आता नियम काय सांगतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.बाबतची नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाली. तिच्याप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार, यापेक्षा जास्त संशोधक घेता येत नाहीत. ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. प्रबंध सादर केल्यापासून मूल्यमापनाची सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित आहे. हे आकडे पाठ असले पाहिजेत. फेलोशिपची मुदत साधारणतः पाच वर्षांची असते. म्हणजे गाईडने एक वर्ष वाया घालवले तर ते आपल्या पोटातून जाते. ज्या बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या विद्यार्थ्यांना २०२३ साली आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले, ती फेलोशिप कोणाच्या तरी "बघतो"मध्ये संपून जावी काय?

याच नियमावलीतील सर्वात महत्त्वाची तरतूद म्हणजे संशोधन सल्लागार समिती. प्रत्येक सत्रात संशोधकाने या समितीपुढे सादरीकरण करून प्रगती अहवाल द्यायचा असतो. समितीने त्यावर शिफारशी करून त्या संस्थेकडे पाठवायच्या असतात. प्रगती असमाधानकारक वाटली तर कारणे नोंदवून उपाय सुचवायचे असतात, आणि ते पाळले गेले नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही समिती करू शकते. मात्र या समितीचा निमंत्रक गाईडच असतो! म्हणजे ज्याच्या दिरंगाईने काम रखडले, तोच विद्यार्थ्याची 'प्रगती असमाधानकारक' असे लिहू शकतो. गाईडचे मौन शेवटी विद्यार्थ्याचा दोष म्हणून नोंदले जाते, ते असे. म्हणून या बैठकीला 'औपचारिकता' समजून नुसती सही करून येऊ नका. आपल्या प्रगती अहवालात स्पष्ट लिहा की अमुक प्रकरण अमुक तारखेला सरांकडे दिले असून त्यांच्या सूचनांची प्रतीक्षा आहे. आरोपाची भाषा नको. नुसती तारीख पुरेशी आहे. त्या अहवालाची एक प्रत विभागप्रमुखांच्या कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या. बैठकच होत नसेल तर ती घ्यावी असा अर्ज द्या आणि त्याचीही पोच ठेवा.

रोजच्या व्यवहारात करायच्या काही गोष्टी फार साध्या आहेत. गाईडची भेट झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ई-मेल पाठवावा. 'आदरणीय सर, आजच्या चर्चेत आपण सुचविल्याप्रमाणे मी दुसऱ्या प्रकरणात शासकीय अहवालांची भर घालीत आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कळवावे.' यात भांडण नाही, अपमान नाही, आणि नोंद मात्र पक्की होते. उद्या शीर्षक पाचव्यांदा बदलण्याची वेळ आली तर आधी काय ठरले होते ते दाखवता येते. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांवर विसंबून राहू नका. फोन बदलला की संदेश जातात. तेथे पाठविलेले महत्त्वाचे लिखाण ई-मेलनेही पाठवा. अगदीच उत्तर येत नसेल तर छापील प्रत कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्या, नाही तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, नव्वद पानांचे बाड एकदम देऊ नये. कामाने पिचलेला माणूस जाड गठ्ठा पाहिला की तो बाजूला सारतो. दहा पाने द्या आणि सोबत तीन नेमके प्रश्न लिहा. हे कोष्टक ठेवावे का, या संकल्पनेची व्याख्या बरोबर आहे का, पुढचा भाग कोठून सुरू करावा, असे प्रश्न असले की उत्तर देणे सोपे जाते. शेवटी नम्रपणे लिहा की, 'आपल्या सूचना पंधरा दिवसांत मिळाल्यास त्याप्रमाणे बदल करीन, तोपर्यंत पुढील प्रकरणाचे लेखन सुरू ठेवीत आहे.' या एका वाक्याने काम गाईडच्या टेबलावर अडकत नाही. आमच्या अनुभवाने गाईडच्या दिरंगाईइतकेच नुकसान विद्यार्थी स्वतःचे लेखन थांबवून बसतो त्याने होते. सरांनी पहिले प्रकरण वाचले नाही म्हणून दुसरे लिहायचेच नाही, असा कोणताही नियम नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीच्या आधीची आहे. गाईड निवडताना मोठे नाव पाहून भुलू नये. त्यांच्याकडे किती जागा भरल्या आहेत, निवृत्ती केव्हा आहे, त्यांच्या हाताखाली किती जणांनी प्रबंध पूर्ण केला आणि किती वर्षांत केला, हे विचारावे. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात पाहायला मिळतात. त्यात गाईडच्या नावाने शोध घेता येतो. सरकारी विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकारातही माहिती मागता येते. २००५ चा कायदा आहे, राज्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. लग्नासाठी स्थळ पाहताना दहा गावची चौकशी करणारी माणसे आपण, मग आयुष्याची सहा वर्षे ज्याच्या सहीवर अवलंबून आहेत त्याची चौकशी का करू नये?

एवढे करूनही गाडी हलत नसेल तर पायरीपायरीने वर जावे. आधी विभागप्रमुखांना लेखी विनंती करावी. नियमावलीत सहमार्गदर्शकाची तरतूद आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने तो दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतीलही असू शकतो. अनेकदा भांडण न करता यातूनच मार्ग निघतो. तो न निघाल्यास आपल्या विद्यापीठाच्या पीएच.डी. नियमांप्रमाणे गाईड बदलून मागावा. अर्जात गाईडची निंदानालस्ती नको, फक्त तारखांचा तक्ता जोडा. अर्ज दाबून ठेवला गेला तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने तीस दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. या समितीत अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातील असली पाहिजे. तशी ती आहे का, हेही विचारा. सर्वात शेवटी संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. परंतु तेथे न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतील तो आमच्याच प्रश्नासारखा असेल. कागद कोठे आहेत?

जातीमुळे भेदभाव होत असेल तर तो सहन करण्याचे कारण नाही. २०१२ च्या नियमावलीने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. कलम ३३८ खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. मात्र आम्ही वकील म्हणून सांगतो, नुसती दिरंगाई झाली म्हणून अत्याचाराचा गुन्हा सिद्ध होत नाही. जातीचा संबंध दाखवावा लागतो. एकाच गाईडकडे एकाच वर्षी नोंदणी झालेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला किती दिवसांत सूचना मिळाल्या आणि आपल्याला किती दिवसांत, हा फरक तारखांनी दाखवता आला तर भेदभावाची तक्रार उभी राहते. तोंडावर जातिवाचक अपमान झाला असेल तर दिवस, वेळ, जागा, हजर माणसे हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवा. सहीसाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवा. मुलींना कोणी वेगळ्या प्रकारे छळत असेल तर २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती त्यासाठीच आहे.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत काही गाईड आपल्याच समाजाचे असतात. व्यासपीठावर बाबासाहेबांवर दोन तास बोलणारे प्राध्यापक आपल्याच विद्यार्थ्याची वीस पाने वर्षभर वाचत नाहीत. विद्यार्थी तक्रार करायला धजत नाही, कारण 'आपल्याच माणसाची बदनामी' नको. जयंतीच्या वर्गणीपासून पुस्तकाच्या प्रकाशनापर्यंत सर्व कामे त्याच्याकडून करून घेतली जातात आणि यालाच 'चळवळीचे काम' असे नाव दिले जाते. आम्ही स्पष्ट सांगतो, विद्यार्थ्याला वेळेत पदवी मिळवून देणे हेच प्राध्यापकाचे पहिले चळवळीचे काम आहे. राखीव जागेवर आपण बसलो ती जागा मागच्या पिढीच्या लढ्यातून आली. पुढच्या पिढीची वाट अडविण्याचा अधिकार त्या जागेने कोणालाही दिलेला नाही.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. त्या पदव्या मिळायला किती काळ लागला, हे मात्र फार थोडे सांगतात. कोलंबिया विद्यापीठात १९१६ सालीच त्यांनी प्रबंध तयार केला होता. प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह तो पुस्तकरूपाने १९२५ साली निघाला आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ साली. लंडनचे शिक्षण शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली मध्येच सोडावे लागले. परंतु ते तसेच निघून आले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवूनच निघाले, आणि १९२० साली परत गेलेही. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले, जमविलेली पुस्तके गेली. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ साली सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी तो मुंबईत बसून सुधारला, लंडनला पाठविला आणि १९२३ साली पदवी मिळविली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यांची सर्व मते पटलेली नव्हती. तसे त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले, परंतु प्रस्तावना मात्र लिहिली. मार्गदर्शक असा असावा. मतभेद असू द्या, पण आधी वाचा!

सर्व गाईड कॅनन होणार नाहीत. म्हणून समाजालाही काही करावे लागेल. जिल्ह्याजिल्ह्यात आपले निवृत्त प्राध्यापक आहेत, पीएच.डी. झालेले तरुण आहेत. महिन्यातून एका रविवारी विहारात किंवा वाचनालयात आठ-दहा संशोधकांनी एकत्र बसावे, एकाने आपले प्रकरण वाचावे, बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारावेत. यातून गाईडची सही मिळणार नाही, परंतु लेखन पुढे सरकेल आणि विद्यार्थी एकटा पडणार नाही. त्याच बैठकीत एखाद्या वकिलाने त्यांचे कागद तपासून द्यावेत. हे काम आमच्यासारख्यांनी फी न घेता केले पाहिजे आणि आम्ही ते करतो. सत्काराचा एक फलक कमी लावला तरी चालेल, पण प्रबंधाच्या छपाईला आणि बांधणीला त्या विद्यार्थ्याकडे पैसे आहेत का, हे विचारा.

आणि आईवडिलांना एक विनंती. "अजून झाली नाही का?" असे विचारण्याऐवजी "सरांनी वाचले का? नसेल वाचले तर तू काय लिहून दिलेस?" असे विचारा. मुलगा खचलेला दिसला, बोलेनासा झाला, खोलीतून बाहेर पडेनासा झाला, तर पदवीचा विषय बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. पदवी पुढच्या वर्षीही मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, आजच एक वही घ्या. पहिल्या पानावर नोंदणीची तारीख लिहा आणि त्याखाली सहा वर्षे कोणत्या दिवशी पूर्ण होतात ती तारीख लिहा. पुढच्या पानापासून कोणत्या दिवशी काय दिले, काय उत्तर आले, हे लिहीत जा. उत्तर आले नाही तर 'उत्तर नाही' असे लिहा. 'संघर्ष करा' म्हणजे दरवेळी रस्त्यावर उतरणे नव्हे. आवक शिक्का मारून घेतलेला एक अर्ज हाही संघर्षच आहे.

जयभीम!